'अतिथंड खुजा तारा': २,३०० अंशांना थंड म्हणायचं का?

वर्षाऋतू:
विज्ञान प्रदर्शनाच्या फलकासाठी ट्रॅपिस्ट-१ या सात ग्रहांच्या ताऱ्याची माहिती मराठीत करतेय. इंग्रजीत त्याला 'अल्ट्राकूल ड्वार्फ' म्हणतात, मी 'अतिथंड खुजा तारा' केलं. तपासणाऱ्या सरांनी शेजारचं तापमान पाहिलं, सुमारे २,३०० अंश सेल्सिअस, आणि समासात लिहिलं, "हा थंड?" लोखंड १,५३८ ला वितळतं, त्यामुळे सरांना काय सांगू कळेना. सुचवा काहीतरी.

निमसरकारी:
सूर्याचा पृष्ठभाग ५,५०० अंश, त्यापुढे थंडच. पण थंड, गार हे शब्द बोलण्यातले. परिभाषेत 'अतिशीत लाल बटू' शोभेल.

कांदेपोहे:
अतिशीत म्हटलं की मला कोळंबीचं पाकीट दिसतं. आणि बटू आमच्याकडे मुंजीत असतो, भिक्षावळीला.

निमसरकारी:
'श्वेतबटू' कधीचा रूढ आहे. वामनाला बटू म्हणतात ते काय उगाच? 'बुटका' त्यातूनच आला.

शेंडेफळ:
वामनाला बटू म्हणतात तो ब्रह्मचारी म्हणून, उंचीचा काय संबंध? माझे आजोबा बुटका हा शब्द 'बुटी'शी, म्हणजे टोपलीशी जोडायचे. मला तेच पटतं.

निमसरकारी:
आजोबांना नमस्कार, पण पुरावा?

वर्षाऋतू:
बटू-बुटका नंतर भांडा हो. 'थंड'चं काय? 'निवलेला' चालेल?

परसदार:
नको. निवलेला म्हणजे आधी चांगला तापून मग उतरलेला. हा पुढेही असाच धुगधुगत राहणार. वस्तुमान सूर्याच्या जेमतेम ९ टक्के, आतलं सगळं सतत ढवळलं जातं, त्यामुळे गाभ्याबाहेरचा हायड्रोजनही इंधन म्हणून वापरात येतो. सूर्याला एकूण हजार कोटी वर्षं, याला कित्येक लाख कोटी. 'मंद आचेचा तारा' म्हणा.

कांदेपोहे:
मंदाग्नी! जेवणाआधी आलं-लिंबू द्या त्याला.

परसदार:
हसा. पण ग्रहांचं सगळं गणित त्या आचेवरच आहे. सातही ग्रह बुधाच्या कक्षेच्या कितीतरी आत आहेत. सर्वांत आतला दीड दिवसात फेरी मारतो, बाहेरचा १९ दिवसांच्या आत. एवढं चिकटून बसूनही मधल्या काहींवर पाणी द्रवरूप राहू शकेल, वातावरण असलंच तर.

शेंडेफळ:
दीड दिवसाला 'वर्ष' म्हणायचं? वर्ष पावसाशी जोडलेलं. 'फेरा' म्हणा.

निमसरकारी:
मग गुरूच्या वर्षालाही फेरा म्हणणार का? बारा वर्षांचा एक फेरा?

वर्षाऋतू:
बरं, ग्रहांची नावं बी ते एच अशी आहेत. मराठीत ब, क, ड केलं तर?

निमसरकारी:
ख, ग, घ. वर्णमालेचा क्रम आपला हवा. 'क' ताऱ्याला राहील.

कांदेपोहे:
अहो, जगभर ज्याला 'ई' म्हणतात, ज्यावर पाण्याची सगळ्यात जास्त आशा, त्याला आपण एकटेच 'च' म्हणणार?

शेंडेफळ:
'ई' तरी कुठे बरा? फलकापुढे पोरं नाक मुरडून वाचतील, "ट्रॅपिस्ट-१, ईऽऽ!"

निमसरकारी:
म्हणूनच म्हणतो, 'च'.