मदत हवी आहे: निवडुंगाच्या फुलाचा फोटो नुसता गुलाबी डाग येतोय

सावलीत_ऊन:
दर वेळी तेच. डोळ्यांना पाकळीवरची रेघ न् रेघ दिसते, फोटोत मात्र सपाट गुलाबी डाग. एक्स्पोजर बरोबर आहे, हिस्टोग्रामही (उजेडाचा आलेख) बघितला. शेजारच्या वाफ्यात वाळवंटी रानफुलं आहेत, ती हललेली येतात. अजून एक कळी टपोरी झालीये, उद्या-परवा उमलेल. लवकर सांगा. 'व्हिडिओ बघा' नको, बघून झालेत.

काटेकोर:
कॅमेरा कुठला? निवडुंग कुठला? फोटो किती वाजता काढता? आणि तो डाग तरी डकवा की इथे.

जुना_रोलवाला:
एवढं विचारायची गरजच नाही. सूर्योदयानंतरचा पहिला तास. दुपारच्या उन्हात कॅमेरा बाहेर काढायचाच नाही. ३६ फोटोंचा रोल असायचा तेव्हा हे आपोआप कळायचं.

निळी_शाई:
काका, तेव्हा फूल मिटलेलं असेल तर? मॅमिलेरिया, फड्या निवडुंग ऊन चढल्यावर उमलतात. कॅलिफोर्निया पॉपी ढग आले तरी मिटते. उलट एकिनॉप्सिस निवडुंगाच्या बऱ्याच जाती रात्री उमलतात नि दुसऱ्या दिवशी ऊन तापलं की मान टाकतात.

जुना_रोलवाला:
म्हणजे एकिनॉप्सिस सकाळीच काढायचा. मी वेगळं काय म्हटलं?

निळी_शाई:
'विचारायची गरजच नाही' म्हटलंत.

माती_आणि_मी:
पाण्याचा निचरा बघा. मातीत निम्मी जाड वाळू किंवा बारीक खडी हवी. भर उन्हाळ्यातसुद्धा माती पूर्ण सुकल्याशिवाय पाणी नको.

सावलीत_ऊन:
झाड ठणठणीत आहे हो! फोटोचं विचारलंय.

रॉ_माल:
हिस्टोग्राम एकूण उजेडाचा बघितला असेल. गर्द गुलाबी फुलात लाल रंग आधीच कडेला जाऊन आपटतो, हिरवा जवळपास नसतोच, त्यामुळे एकूण आलेख सभ्य दिसतो. लाल, हिरवा, निळा असे तीन आलेख वेगळे लावा. लाल उजवीकडे चिकटला की पाकळीची नक्षी गेली, नंतर कितीही ओढा, परत येत नाही. उजेड १ स्टॉप कमी करा, म्हणजे निम्मा, तरी चिकटला तर आणखी. काढताना रॉ, म्हणजे कॅमेऱ्याची कच्ची फाइल. खोल फूल असेल तर एफ/११, म्हणजे लेन्सचं छिद्र बारीक, पुढचं-मागचं दोन्ही स्पष्ट येतं.

सावलीत_ऊन:
मोबाईल आहे. एफ/११ कुठे असतं त्यात?

काटेकोर:
हे पहिल्या ओळीत सांगितलं असतं तर! मग तिन्ही आलेखही बहुधा दिसणार नाहीत. फुलावर बोट दाबून फोकस धरा, उजेडाची पट्टी खाली ओढा. फूल पडद्यावर जरा काळपट वाटेल, वाटू दे. फार जवळ जाऊ नका, काही फोन न सांगता रुंद लेन्सवर उडी मारतात आणि सगळं लिबलिबीत येतं. मागे सरा, २एक्स झूम लावा. काटे पुढे असले की फोकस त्यांच्यावर बसतो, तेही बघा. झाड कसं आहे?

सावलीत_ऊन:
बुटकं, उभ्या धारांचं. फुलाच्या मध्ये हिरवी चांदणी.

निळी_शाई:
एकिनोसेरियस वाटतोय. ती हिरवी चांदणी म्हणजे स्त्रीकेसराचं टोक, फोकस तिथेच धरा. याचं फूल रात्री मिटून पुन्हा उमलतं, सहसा काही दिवस चालतं. एवढी धावपळ नको. भर दुपारीच काढा, फक्त ऊन आणि फुलाच्या मध्ये पातळ पांढरा कपडा धरा.

फ्लॅशबॅक:
कपडा कशाला? फ्लॅश मारा, मागची भिंत काळी पडते.

रॉ_माल:
मोबाईलचा फ्लॅश समोरून पडतो, पाकळ्या चकाकतात. डाग होता, आता चकचकीत डाग.

जुना_रोलवाला:
कुंडी उचलून सावलीत न्या, विषय संपला.

माती_आणि_मी:
कळी धरल्यावर कुंडी हलवू नये! काही जातींत कळ्या गळतात.

निळी_शाई:
उमलल्यावर दहा मिनिटं नेली तर काही होत नाही. बाकी फड्या निवडुंगाचं फूल मिळालं तर पुंकेसरांना काडी लावून बघा, आत वळतात. व्हिडिओ झकास येतो. बोट नको, बारीक कुसळं घुसतात ती निघता निघत नाहीत.

सावलीत_ऊन:
रानफुलांचं कोणी सांगणार आहे का?

काटेकोर:
शटर १/१००० सेकंदावर, बर्स्ट (एका दमात बरेच फोटो), आणि वाऱ्याच्या बाजूला पुठ्ठा उभा करा. फोनमध्ये शटर हाताने ठरवता येतं का? मॉडेल अजून सांगितलेलं नाही तुम्ही.

गच्चीवरून:
धागा मस्त. अडेनियमच्या फुलालाही हेच चालेल का? माझ्याकडे पांढरं आहे.