मुलांच्या मैत्रीत पैशाची दरी असेल तर मोठ्यांनी मधे पडावं का?

सावली:
माझी मुलगी चौथीत आहे. तिची सगळ्यात जवळची मैत्रीण जी आहे तिची आई लोकांकडे घरकाम करते. दोघी एकमेकींशिवाय राहत नाहीत. यावरून घरात वाद सुरू झालाय, सासूबाई म्हणतात मैत्री बरोबरीच्या घरात असावी नाहीतर पुढे दोघींनाही त्रास, आणि नवरा म्हणतो लहान आहेत, मैत्री आपोआप सुटेल. मला ते 'आपोआप सुटेल' जास्त लागलं. मुलांना फरक कळत नाही वगैरे खोटं आहे, त्यांना सगळं कळतं, फक्त त्याचं ओझं वाटत नाही, ते आपण देतो. म्हणून मैत्री टिकावी यासाठी आपणच मुद्दाम काहीतरी करायला हवं असं माझं ठाम मत आहे. तुम्हाला काय वाटतं?

वाटसरू:
स्पष्ट बोलतो, राग मानू नका. सासूबाई अगदीच चुकीच्या नाहीत. अशा मैत्रीत पैसेवाल्याच्या मुलाचं काही जात नाही, सगळं निभावतं ते दुसरं मूल. मी त्या बाजूने वाढलोय. मित्राची गिअरची सायकल चालवायला मिळाली, पडलो, गुडघा फुटला, रक्त येतंय आणि मी आधी सायकलला कुठे ओरखडा आलाय का ते बघतोय. मित्र विचारत होता लागलं का रे, चांगलाच होता तो, पण माझ्या पोटात कसला गोळा आला होता हे त्याला कधीच कळणार नव्हतं. त्याच्या वाढदिवसाला माझं दरवर्षी पोट दुखायचं कारण गिफ्टसाठी घरी पैसे मागायची सोय नव्हती. कायम उपकाराखाली राहायचं याला मैत्री म्हणायचं का?

पाटीपेन्सिल:
@वाटसरू, अनुभव खरा आहे, निष्कर्ष नाही पटला. दिल्लीत 2007 पासून बऱ्याच खाजगी शाळांना गरीब घरातल्या मुलांसाठी 20 टक्के जागा ठेवाव्या लागल्या, त्यावर गौतम राव या अर्थशास्त्रज्ञाचा अभ्यास 2019 साली छापून आला. त्यात श्रीमंत मुलांना रिले शर्यतीसाठी जोडीदार निवडायला दिला होता, जोरात पळणारं गरीब मूल की हळू पळणारं आपल्यातलं. ज्यांच्या वर्गात गरीब मुलं होती त्यांनी भेदभाव कमी केला. आणि पालकांना मार्कांची जी धास्ती असते त्यात इंग्रजीत किंचित घट दिसली, गणित-हिंदीत काही फरक नाही. महत्त्वाचं म्हणजे नुसतं एका छताखाली बसून भेदभाव तेवढा कमी होत नाही, एकाच अभ्यासगटात प्रत्यक्ष संबंध आला त्याचा मोठा वाटा होता.

वाटसरू:
म्हणजे सुधारलं कोण? श्रीमंत मुलं. त्यांना माणुसकी शिकवायला आमची मुलं कशाला हवीत?

पाटीपेन्सिल:
फायदा तुमच्या बाजूलाही आहे. 2022 साली अमेरिकेत राज चेट्टी या अर्थशास्त्रज्ञाने आणि सहकाऱ्यांनी फेसबुकवरच्या 2100 कोटी मैत्र्या तपासल्या. श्रीमंत घरच्या मुलांभोवती जेवढ्या वरच्या वर्गातल्या ओळखी असतात तेवढ्या असलेल्या भागात गरीब मूल वाढलं तर मोठेपणी त्याची कमाई सरासरी 20 टक्के जास्त असेल असा त्यांचा अंदाज आहे. आणि ही मैत्री होत नाही त्याचं अर्धं कारण भेटच होत नाही हे, उरलेलं अर्धं म्हणजे भेटूनही जवळ येत नाहीत.

खडूफळा:
मी प्राथमिकला शिकवते. मैत्री तुटते ती शक्यतो वस्तूंवरून. प्रोजेक्टचं सामान घरून आणायला सांगितलं की एकाच्या हातात चकचकीत किट आणि दुसऱ्याच्या हातात जुन्या वहीचा पुठ्ठा, आणि मग गट आपोआप पडतात. म्हणून मी वर्गात एकच खोका ठेवते, सगळ्यांनी त्यातूनच घ्यायचं. कृष्ण-सुदामा म्हटलं की सगळे पोह्यांवर येतात, पण ती मैत्री झाली सांदीपनींच्या आश्रमात, जिथे दोघांना लाकडं आणायला सारखंच पाठवलं आणि दोघंही सारखेच पावसात अडकले. काम सारखं असलं की मुलं एकमेकांच्या घरचं विचारत बसत नाहीत.

उंबरठा:
मी 'दुसरी आई' आहे, म्हणजे सावलीताईंच्या मुलीच्या मैत्रिणीच्या आईसारखी. उपकार वगैरे वाटतो तो तुम्ही देता कसं त्यावर. जुने कपडे द्यायचे तर मुलींच्या समोर पिशवी हातात देऊ नका, दुसऱ्या दिवशी तोच फ्रॉक घालून माझ्या मुलीला तुमच्या मुलीसमोर जायचं असतं. आणि सगळ्यात मोठं म्हणजे आमच्याकडे या. माझी पोरगी तिच्या मैत्रिणीला किती वेळा म्हणाली चल ना आमच्या घरी, दरवेळी 'पुढच्या वेळी', आता तिने विचारणं सोडून दिलं. जाणं-येणं दोन्हीकडून असेल तर आम्हाला काही कमीपणा नाही हो, घर लहान आहे एवढंच.

सावली:
@उंबरठा, 'पुढच्या वेळी' आमच्या घरातूनही जातं, ते आता बंद. आणि यंदा वाढदिवसाला गिफ्ट आणू नका असं सगळ्याच पालकांना कळवतेय, एकीलाच नको म्हटलं तर तेही तिला टोचेल.

वाटसरू:
@उंबरठा यांचं शंभर टक्के पटलं, असं होत असेल तर माझी हरकत नाही. पण अजून चौथीच आहे. सातवी-आठवीत एकीला महागडा क्लास, हातात फोन, सुट्टीत ट्रिप आणि दुसरी आईबरोबर कामावर, तेव्हा दोघींनी रोज भेटायचं कुठे आणि कशासाठी? ते आत्ताच ठरवा, कारण तेव्हा घरातलं कोणी मुद्दाम आठवण करून देणार नाही.