सहा अर्धसत्रं, सहा मूल्यं?
इंग्लंडमधल्या चर्च शाळेचा अभ्यासक्रम ख्रिस्ती मूल्यांभोवती कसा बांधायचा, या चर्चेत दर अर्धसत्राला (शालेय वर्षाच्या सहा भागांपैकी प्रत्येकाला) एक मूल्य वाटून द्यायचं असं सुचवलं गेलंय. कलेक्टिव्ह वर्शिपपुरतं, म्हणजे शाळेतल्या रोजच्या सामूहिक उपासनेपुरतं, ते ठीक आहे. अख्खा अभ्यासक्रम त्यावर बेतला की घोळ होतो. 'क्षमा'च्या अर्धसत्रात इयर 4 (आठ-नऊ वर्षांच्या मुलांचं) विजेची सर्किटं शिकत असतं, मग शिक्षक ओढूनताणून काहीतरी चिकटवतात आणि मुलांनाही ते कळतं. त्यापेक्षा आधी घटक बघा. व्हिक्टोरियन गिरण्या-खाणींत राबणारी मुलं किंवा कोकोचा व्यापार शिकवताना न्यायाचा प्रश्न आपसूकच समोर येतो. तो प्रश्न कितव्या तासाला विचारायचा आणि आधी मुलांना काय माहीत असायला हवं, हे नियोजनातच लिहा. अपूर्णांकांत काही सापडलं नाही तर नियोजनातला मूल्याचा रकाना खुशाल कोरा ठेवा. चाचणी सोपी आहे: मूल्याचं नाव खोडल्यावर तास जसाच्या तसा राहत असेल, तर ते नुसतं लेबल होतं.

वेळापत्रकाचा मुद्दा इथे कुणीच काढलेला नाही. चर्च ऑफ इंग्लंडच्या अपेक्षेप्रमाणे आरईला, म्हणजे धर्मशिक्षणाच्या विषयाला, किमान 5 टक्के वेळ हवा, खरं तर 10 च्या जवळ. 25 तासांच्या आठवड्यात 5 टक्के म्हणजे सव्वा तास, आणि कलेक्टिव्ह वर्शिप त्यात धरायची नाही. मूल्यांचे तास आरईच्या खात्यावर टाकणं ही नेहमीची पळवाट. शिवाय शाळा व्हॉलंटरी कंट्रोल्ड (चर्चचे अधिकार कमी असलेली) असेल तर आरई साधारणपणे स्थानिक ॲग्रीड सिलॅबसनुसार, म्हणजे त्या भागासाठी ठरलेल्या आरईच्या अभ्यासक्रमानुसार चालतं, व्हॉलंटरी एडेड (चर्चचे अधिकार जास्त असलेल्या) शाळेत ट्रस्ट डीडला, म्हणजे शाळेच्या स्थापनेच्या दस्तऐवजाला धरून गव्हर्नर, म्हणजे शाळेच्या नियामक मंडळाचे सदस्य ठरवतात. हे तपासल्याशिवाय आराखड्याला हात घालू नका.