एअरफोर्समधून सुटल्यावर मिहानमध्ये एएमई, की पायलट?

प्रोपल्शन_फिटर:
नमस्कार मंडळी. मी एअरफोर्समध्ये सार्जंट, ट्रेड प्रोपल्शन फिटर (म्हणजे इंजिनाचा मेकॅनिक), वीस वर्षं होऊन पुढच्या वर्षी डिस्चार्ज. वय ३९. घर मनीषनगरला, पोरगी दहावीत, त्यामुळे आता नागपूर सोडायचं नाही. डोक्यात दोन गोष्टी फिरून राहिल्या. एक म्हणजे मिहानमधल्या (विमानतळाजवळच्या औद्योगिक भागातल्या) एमआरओत, म्हणजे विमान दुरुस्तीच्या कारखान्यात, एएमई (विमान मेंटेनन्स इंजिनीअर) म्हणून लागायचं, हातचंच काम आहे. दुसरी म्हणजे सीपीएल, पायलटचं कमर्शियल लायसन्स, कारण इतकी वर्षं इंजिनं आपण रेडी करून दिली आणि उडवली दुसऱ्यांनीच. सासरे म्हणतात बँकेत क्लार्कला एक्स-सर्व्हिसमन कोटा असते, गपचूप तो फॉर्म भरा. सिव्हिलचं लायसन्स काहीच नाही, अनुभव सगळा एमआय-१७ हेलिकॉप्टरवर. कोणी या रस्त्यानं गेलं असेल तर सांगा.

हँगर_२:
भाऊ, सर्व्हिसमध्ये तुम्ही काम केलं, फॉर्म ७०० वर (विमानाच्या देखभालीच्या नोंदवहीवर) सही केली, मशीन उडालं. सिव्हिलमध्ये ती सही चालत नाही. विमान सोडायची सही लायसन्सवाल्या एएमईची, आणि त्यालाही त्या जातीच्या विमानाचं रेटिंग (टाइप रेटिंग) अन् कंपनीचं ऑथरायझेशन लागते. लायसन्स नसेल तर तुम्ही टेक्निशियन. मग सत्तावीस वर्षांचा पोरगा तुमचं काम तपासून सही मारते आणि तुम्ही त्याला सर म्हणता. हे पचत असेल तर या, कारण चांगले चांगले हात मी फक्त या एका गोष्टीपायी सोडून जाताना पाहिले.

लायसन्स डीजीसीएचं (सरकारचं विमान वाहतूक खातं), त्यांच्या सीएआर-६६ या नियमाखाली. मॉड्यूलचे, म्हणजे एकेका विषयाचे, पेपर असतात, पास व्हायला ७५ टक्के लागतात. सर्व्हिसचा अनुभव मोजतात पण तेवढ्यावर भागत नाही, सिव्हिल विमानावरचाही दाखवावा लागते. आणि सगळ्यात महत्त्वाचं, अनुभवाचे कागद डिस्चार्जच्या आधीच काढा, कोणत्या मशीनवर, कधीपासून कधीपर्यंत, काय काम, खाली ऑफिसरची सही शिक्का. एकदा आयकार्ड जमा केलं की ओळखीचे साहेब पोस्टिंगवर तेजपूरला अन् नवीन साहेब सही द्यायला घाबरते.

विंडसॉक:
सीपीएलवर लिहितो. बारावी फिजिक्स-मॅथ्स तुमचं असेल असं धरतो. २०० तास फ्लाइंग, नेव्हिगेशन, मेट (हवामान), रेग्युलेशन, टेक्निकल असे पेपर, पासिंग ७०. हे सगळं तुम्हाला जमेल हो, टेक्निकल तर झोपेत द्याल. पण खर्च पन्नास लाखांच्या घरात जाते आणि टाइप रेटिंग त्याच्यावर वेगळं. तुमची ग्रॅच्युइटी, कम्युटेशन, पीएफ सगळं त्यात स्वाहा. एअरलाइनमध्ये ६५ पर्यंत उडवता येते म्हणून चाळिशीत सुरू केलं तरी वर्षं उरतात हे खरं, पण फर्स्ट ऑफिसरच्या लाइनीत पंचवीसची पोरं तुमच्या पुढे उभी राहतील त्याचं काय. तरी हौस असेल तर कोणालाही एक रुपया द्यायच्या आधी पायलटची क्लास २ आणि मग क्लास १ मेडिकल करून घ्या. फ्लाइंगसाठी गोंदियाचं बिरसी विमानतळ जवळ आहे, जाऊन एक दिवस बसून पाहा. सीताबर्डीवर बोर्ड लावून "शंभर टक्के प्लेसमेंट" म्हणणाऱ्यांच्या दारात मात्र जाऊ नका.

कामठीवाला:
मी गार्ड्सचा, पायदळ, मले तर फिटर पाना पण समजत नाही 😄 आमच्यासारख्याले एव्हिएशनमध्ये काही आहे का बे?

हँगर_२:
@कामठीवाला आहे नं. एअरलाइनच्या सिक्युरिटीत जा, बीसीएएसचा (विमान सुरक्षेचं सरकारी खातं) एव्हसेक, म्हणजे विमान सुरक्षेचा, कोर्स लागते. एअरपोर्टच्या गेटवरची सीआयएसएफ वेगळी, ती सरकारी फोर्स आहे. नाहीतर ड्रोन, २०२१ च्या नियमानं दहावी पास, वय १८ ते ६५, मान्यताप्राप्त शाळेत ट्रेनिंग घेतलं की रिमोट पायलट सर्टिफिकेट. कळमेश्वर-काटोलकडे संत्र्यावर फवारणी करा.

प्रोपल्शन_फिटर:
धन्यवाद सगळ्यांना. सीपीएल डोक्यातून काढलं, बायकोला विंडसॉक भाऊंचा रिप्लाय दाखवला तर ती खूश. पण एमआय-१७ म्हणजे हेलिकॉप्टर, मिहानला तर मोठी जेट येतात. माझा अनुभव वाया जाईल का?

हँगर_२:
वाया नाही, पण इथंच लोक फसतात. हेलिकॉप्टरचं लायसन्स बी१.३, जेटचं बी१.१. गॅस टर्बाइनचं मॉड्यूल १५ दोन्हीला सारखं, ते तुमचं घरचं. फरक ११ आणि १२ चा, हेलिकॉप्टरला १२ आणि विमानाला ११, शिवाय प्रोपेलरचं १७. बी१.३ काढलं तर पवनहंससारख्या हेलिकॉप्टर कंपनीत, म्हणजे नागपूर सोडा. इथंच राहायचं तर बी१.१ धरा, टेक्निशियन म्हणून आत शिरा आणि तिथंच फिक्स्ड विंगचा (म्हणजे पंखवाल्या विमानांचा) अनुभव भरा. बोइंगनं बांधलेला एमआरओ २०१५ ला सुरू झाला, तो चालवणारी एआयईएसएल (एअर इंडियाची इंजिनीअरिंग कंपनी) २०२२ ला एअर इंडिया टाटांकडे गेली तेव्हाही सरकारकडेच राहिली. भरती बहुतेक कॉन्ट्रॅक्टवर असते. शेजारी इंदामेर हा दुसरा एमआरओ पण आहे. पेन्शन चालू असल्यानं कमी पगाराची पहिली दोन-तीन वर्षं तुम्हाला काढता येतील, सिव्हिलच्या पोरांना ती सोय नाही.

मॉड्यूल १० पासून सुरू करा, कायदेकानूनचं आहे. सर्व्हिसवाले सगळे तिथंच अडकतात, कारण सर्व्हिसमध्ये कायदा म्हणजे वॉरंट ऑफिसर.