मदत हवी आहे: नौदलाच्या जहाजांची दुरुस्ती नक्की कोणाकडे असते? (तातडीचे)

भोसरीचा_लेथवाला
नमस्कार मंडळी. दोन सी-वॉटर पंप दुरुस्त करून शेडमध्ये पडून आहेत. आज २२ दिवस झाले. तपासायला कोणी येत नाही, उचलायला कोणी येत नाही, पैशांचं तर नावच नको. ज्याला विचारावं तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो. परवा सिंहगड पकडून मुंबईला गेलो, डॉकयार्ड रोडला उतरलो, गेटवर अर्धा दिवस उभा होतो. शेवटी म्हणाले, हे इथलं काम नाही. मग कुठलं? नौदल एकच आहे ना? जबाबदार माणूस कोण एवढंच सांगा, लेक्चर नको.

खारा_वारा
डॉकयार्ड रोडला उतरलात तिथेच गाडी चुकली. तिथे जवळ आहे ते माझगाव डॉक. ती सरकारी कंपनी, मुख्य काम नवीन जहाजं आणि पाणबुड्या बांधायचं. नेव्हल डॉकयार्ड फोर्टात, लायन गेटला. ते कंपनी नाही, नौदलाचंच अंग. वर ॲडमिरल सुपरिंटेंडंट असतो. स्टेशनच्या नावाने निम्मी मुंबई फसते, तुम्ही तर भोसरीचे. ऑर्डर कोणी दिली ते लिहा.

प्रथमेश_आयटीआय
डॉकयार्डच्या अप्रेंटिसची जाहिरात कधी निघते? माझा फिटर ट्रेड झालाय.

घारापुरी
जहाज कुठलं? रिफिटमध्ये (मोठ्या दुरुस्तीत) आहे की नवीन आहे? नवीन असेल तर गॅरंटीच्या काळात दुरुस्ती बांधणाऱ्या यार्डाच्या गळ्यात असते. मग तुम्ही गेलात ते गेट बरोबरही असू शकतं.

निवृत्त_चार्जमन
जहाजाचं नाव इथे कोणी विचारू नये आणि सांगू नये. एवढं पाळा.

आता मुद्दा. रोजची देखभाल जहाजावरचीच पोरं करतात. मशिनरी इंजिनिअर ऑफिसरकडे, वीज इलेक्ट्रिकल ऑफिसरकडे, हाताखाली लोणावळ्याच्या शिवाजी आणि जामनगरच्या वालसुरा या नौदलाच्या प्रशिक्षण केंद्रांत शिकलेले नौसैनिक. त्यांच्या आवाक्याबाहेर गेलं की फ्लीट मेंटेनन्स युनिट. त्याहून मोठं असलं की डॉकयार्ड. रिफिटला येण्याआधी जहाज आपली डिफेक्ट लिस्ट लिहून देतं. मग डॉकयार्डात बसून ठरतं की कुठलं काम आपल्या वर्कशॉपमध्ये आणि कुठलं बाहेर. बाहेर गेलं त्याला आम्ही ऑफलोड म्हणायचो. तुमचे पंप त्यातलेच दिसतात. पण मुंबईचेच कशावरून? डॉकयार्ड विशाखापट्टणमलाही आहे, कारवारला आणि कोचीला नौदलाचे रिपेअर यार्ड आहेत.

भोसरीचा_लेथवाला
मुंबईचेच. टेम्पो मुंबईहून आला.

खारा_वारा
टेम्पो पाठवला कोणी?

भोसरीचा_लेथवाला
एक पार्टी आहे. काम त्यांना मिळालं, त्यांनी मला दिलं. ते लिहायचं राहिलं. पण पंप नौदलाचे आहेत ना, म्हणून नौदलाला विचारतोय.

मुक्त_बाजार
सरकारी गोदी म्हटलं की हेच होणार. सगळं खासगी यार्डांना देऊन टाका. २०२२ मध्ये अमेरिकन नौदलाचं चार्ल्स ड्रू हे जहाज दुरुस्तीला चेन्नईजवळ एल अँड टीच्या कट्टुपल्लीला आलं होतं. आणि आपल्याकडे? २०१६ ला बेतवा ही युद्धनौका गोदीतून बाहेर काढताना आडवी झाली.

निवृत्त_चार्जमन
बेतवा मला तुम्ही सांगू नका. दोन माणसं गेली त्यात. आणि चार्ल्स ड्रू ही रसद वाहणारी नौका, लढाऊ जहाज नव्हे. बाहेर कामं आजही दिली जातात. विक्रमादित्यचं रिफिट नोव्हेंबर २०२४ मध्ये १२०७.५ कोटींना कोचीन शिपयार्डला दिलं. बियास या युद्धनौकेची वाफेवरची यंत्रणा काढून डिझेल बसवायचं कामही त्यांच्याकडेच. पण जहाज समुद्रात न्यायच्या लायकीचं झालं की नाही यावर सही नौदलाची. काम बाहेर जातं, जबाबदारी जात नाही.

मुक्त_बाजार
म्हणजे शेवटी काम बाहेरच दिलंत ना!

निवृत्त_चार्जमन
कोचीन शिपयार्ड सरकारी कंपनीच आहे, साहेब.

जुनी_मुंबई
अवांतर: मुंबईची गोदी १७३५ पासूनची. जहाजं बांधणाऱ्या लवजी वाडियांना सुरतेहून आणलं होतं. वाडिया घराण्याने इथे बांधलेली ट्रिंकोमाली नौका १८१७ ची, ती आजही इंग्लंडात हार्टलपूलला पाण्यावर आहे. मलबारी सागवान!

भोसरीचा_लेथवाला
अहो, माझे पंप.

हिशेबवाली_ताई
दादा, नौदल बाजूला ठेवा. तुमचा व्यवहार पार्टीशी आहे, पैसे त्यांनीच द्यायचे. उद्यम नोंदणी आहे का? असेल तर कायद्याने जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे मिळायला हवेत, नाहीतर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज आणि लघुउद्योगांसाठीच्या सरकारी पोर्टलवर तक्रार. पण एक गोम आहे. दिवस मोजायचे ते माल पोचल्यापासून. तुमचे पंप अजून तुमच्याच शेडमध्ये आहेत, त्यामुळे तुमचे २२ दिवस कायद्याच्या हिशेबात शून्य आहेत. लेखी ऑर्डर आहे का?

भोसरीचा_लेथवाला
उद्यम आहे. ऑर्डर व्हॉट्सॲपवर आहे. चलन आहे.

निवृत्त_चार्जमन
पार्टीच्या वर्क ऑर्डरमध्ये तपासणी कोणी करायची ते छापलेलं असतं, ते पान मागून घ्या. तपासणीचा कॉलही पार्टीनेच द्यायचा. तुम्ही लायन गेटला चार दिवस उभे राहिलात तरी उपयोग नाही. हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची) झाली का?

भोसरीचा_लेथवाला
झाली की. दीड पट दाबाला अर्धा तास ठेवला, थेंब गळला नाही. जुना इम्पेलर (आतलं फिरणारं चाक) खाऱ्या पाण्याने पार चाळणी झाला होता, कडेला बोटाने दाबलं तर तुकडा हातात आला. नवा गनमेटलचा (तांब्याचा मिश्रधातू) ओतून घेतला. वरून मस्त करडा रंग मारून ठेवलाय.

निवृत्त_चार्जमन
टेस्ट कोणासमोर? आणि तपासणीआधी रंग कशाला मारला? रंगाखाली ओतकामाची भोकं झाकली जातात, पहिल्यांदा तेच खरवडायला लावतील. मूळ इम्पेलर गनमेटलचा होता हे कशावरून? निकेल ॲल्युमिनियम ब्राँझही असू शकतं. धातूचा लॅब रिपोर्ट आहे?

भोसरीचा_लेथवाला
पिवळा होता म्हणून गनमेटल.

खारा_वारा
देवा.

निवृत्त_चार्जमन
जुना तुकडा टाकला नसेल तर आजच लॅबला द्या. आणि मेकरच्या पाटीवर काय लिहिलंय ते वाचून पार्टीला कळवा, इथे नको.

भोसरीचा_लेथवाला
तुकडा आहे, खिडकीत ठेवलाय. पाटीवर पण रंग गेलाय, पोराने एका हातात सगळं मारलं.

भोसरीचा_लेथवाला
अपडेट. पार्टीने आत्ता फोन उचलला. ते माझी वाट बघत होते! म्हणे काम तयार असल्याचं तुम्ही लेखी कुठे कळवलं, त्याशिवाय कॉल कसा देणार. मी कळवलं होतं. त्यांनी विचारलं "रेडी?", मी अंगठा पाठवला. म्हणे अंगठ्यावर कॉल देता येत नाही. आता मेल केलाय, जुना तुकडा लॅबला गेला. रंग काढायचं केमिकल आणायला माणूस पाठवलाय, पण हाताखालचं पोरगं सुट्टीवर आहे.

प्रथमेश_आयटीआय
काका, मी चिंचवडला राहतो. उद्या येऊ का?