संगम माहुलीच्या समाध्यांबद्दल थोडी भर

साताऱ्याचं जुनं स्मशान शहरात नसून पाचेक किलोमीटरवरच्या माहुलीत का, असं कुणीतरी विचारलंय; प्रश्न रास्त आहे. उत्तर सरळ आहे: कृष्णा-वेण्णेचा संगम. राजघराण्याने दहनासाठी तीच जागा धरली आणि मग सगळं गावच तिकडे जाऊ लागलं. आजही कैलास स्मशानभूमी तिथेच आहे.

थोरले शाहू महाराज डिसेंबर १७४९ मध्ये गेले. त्यांचं दहन इथलंच, आणि त्यांच्या राणी सकवारबाई सती गेल्या त्याही इथेच. ते सती जाणं कितपत राजीखुशीचं होतं, हे त्या वेळचं पेशव्यांचं राजकारण पाहिलं की ज्याचं त्याने ठरवावं. महाराणी ताराबाईंची समाधीही माहुलीचीच; त्या गेल्या १७६१ मध्ये.

माहुलीतली कुत्र्याची समाधी ही निव्वळ दंतकथा, असंही कुणीतरी लिहिलंय. तसं नाही हो. शाहू महाराजांच्या कुत्र्याने शिकारीत वाघापासून त्यांचा जीव वाचवला अशी आख्यायिका आहे, ती खरी की खोटी ते सोडा. पण समाधीची नोंद इंग्रज अमदानीतल्या गॅझेटियरमध्येही आहे.

एक लक्षात घ्या, माणसांच्या या समाध्यांखाली देह पुरलेला नसतो. दहनाच्या जागी दगडी चौथरा, वर बहुतेकदा शिवलिंग नाहीतर वृंदावन, आणि नाव कोरलेलं क्वचितच. त्यात दर पुराला गाळ चढतो. म्हणून कुठली समाधी कुणाची यावर इतका घोळ! विश्वेश्वराच्या देवळाकडून घाट उतरताना पायाखालचे घडीव दगड जरा बघून चाला.