मदत हवी आहे : लाल पिशवीत सुया निघतात, चूक नेमकी कुठे होतेय?

घोडबंदरदंत
घोडबंदर रस्त्यावर दोन खुर्च्यांचा दाताचा दवाखाना आहे. महिन्याभरात दोनदा दवाखान्यांचा कचरा नेणाऱ्या गाडीने आमची लाल (प्लास्टिक कचऱ्याची) पिशवी घ्यायला नकार दिला, कारण आत सुया होत्या. दुसऱ्या वेळी तर गाडीवरच्या माणसाला सुई टोचता टोचता राहिली. हे तिसऱ्यांदा होऊ द्यायचं नाही. चारही रंगांचे डबे आहेत, भिंतीवर तक्ता आहे, दोन्ही मदतनीस ताईंना रंग तोंडपाठ आहेत. तरी सुया लाल पिशवीत जातात कशा?
आणखी तीन शंका आहेत. लाल कचरा आम्ही हायपोक्लोराइटमध्ये (क्लोरीनच्या जंतुनाशकात) भिजवून मग पिशवीत भरतो, ते बरोबर आहे का? शनिवार रात्रीचा कचरा सोमवारपर्यंत ठेवला तर चालतं का? आणि सुई टोचलीच, तर आधी काय करायचं?

निर्जंतुक
सुयांचा पांढरा डबा कुठे ठेवलाय? मागच्या खोलीत किंवा बेसिनखाली असेल, तर उत्तर तिथेच आहे.
भूल दिली की सिरिंज ट्रेमध्ये जाते. मग त्याच ट्रेवर रक्ताळलेला कापूस, लाळ ओढायची नळी, ग्लोव्ह असं एकावर एक पडत जातं. पुढचा पेशंट बाहेर बसलेला असतो, ताई ट्रे उचलतात आणि सगळं एका हाताने खरवडून पिशवीत लोटतात. कापसाखालची सुई तेव्हा कुणालाच दिसत नाही. रंग पाठ असून इथे उपयोग नाही, कारण निवड करायची वेळ आधीच निघून गेलेली असते.
म्हणून नियम एकच ठेवा : ज्याच्या हातात सुई, त्यानेच ती टाकायची, आणि तीही खुर्चीजवळ. प्रत्येक खुर्चीला स्वतंत्र पांढरा डबा हवा. तो डॉक्टरांचा हात पोचेल इतक्या अंतरावर, कमरेच्या उंचीला, आणि तोंड वरून दिसेल असा ठेवा. तीन चतुर्थांश भरला की झाकण कायमचं बंद. वर दाबून जागा करायला गेलेल्या हातालाच सुई टोचते.
दाताच्या कामात भुलीचा दुसरा डोस लागतो, त्यामुळे सुई काही वेळ ट्रेवर राहणारच. ती उघडी ठेवू नका आणि दोन्ही हातांनी टोपण लावू नका. टोपण ट्रेमध्ये आडवं ठेवा, डावा हात पाठीमागे घ्या, उजव्या हाताने सुईचं टोक टोपणात सरकवा. सुई पूर्ण आत गेली की सिरिंज उभी करून टोपण ट्रेच्या कडेवर दाबून बसवा. डावा हात मध्ये येतच नाही. दोन-चार दिवस कोऱ्या सुईवर सराव केला की जमतं.

घोडबंदरदंत
डबा मागच्या खोलीतच आहे, आजच हलवतो. सुई कापल्यावर उरलेली सिरिंज लालमध्येच ना? आणि रूट कॅनालच्या फाइल, दात कोरायच्या यंत्राची टोकं म्हणजे बर, यांचं काय?

कचरावही_नेरूळ
सिरिंज लालमध्ये. सुई, ब्लेड, फाइल, बर, दात सरळ करायच्या तारेचे तुकडे म्हणजे टोचणारा-कापणारा सगळा धातू पांढऱ्या डब्यात. ग्लोव्ह आणि लाळेची नळी लाल. रक्ताचा कापूस, गॉज, मास्क पिवळी. भुलीच्या रिकाम्या काचेच्या बाटल्या निळा. काढलेला दात पिवळ्या पिशवीत, पण त्यात चांदीचं फिलिंग असेल तर नाही. त्यात पारा असतो, पिवळी पिशवी भट्टीत जाळतात आणि तिथे त्याची वाफ होते. असे दात झाकणाच्या बरणीत वेगळे साठवा.
आता भिजवण्याबद्दल. ही दवाखान्यांच्या कचऱ्याच्या १९९८च्या नियमांच्या काळातली सवय आहे. २०१६च्या नियमांनुसार जागेवर आधी निर्जंतुक करून द्यायचा तो प्रयोगशाळेचा, सूक्ष्मजीवांचा कचरा, रक्ताचे नमुने आणि रक्ताच्या पिशव्या. तुमच्या लाल पिशवीला त्याची गरज नाही, ती कचरा-प्रक्रिया केंद्रावर ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाखालच्या वाफेत) जाते. उलट भिजवायला गेलात की तोच कचरा दोनदा हाताळावा लागतो आणि ओली पिशवी गळते. पिवळ्यात तर क्लोरीन मुळीच नको, जळताना डायॉक्सिन हे विषारी रसायन तयार होतं. क्लोरीनयुक्त प्लास्टिकच्या पिशव्या बंद केल्या त्याही याच कारणाने.
हायपोक्लोराइट लागतं ते जमिनीवर रक्त सांडल्यावर. बाजारातलं ५ टक्क्यांचं असेल तर २०० मिली घेऊन त्यात ८०० मिली पाणी, म्हणजे १ टक्का. ग्लोव्ह घाला, रक्तावर कागद किंवा कापड टाका, वरून द्रावण ओता, २० मिनिटं थांबा, मग पुसा. द्रावण रोज नवीन करा आणि मूळ कॅन सावलीत ठेवा. ऊन-उष्णतेने त्यातला क्लोरीन उडतो, वास मात्र येत राहतो, म्हणून लोक फसतात. संडास साफ करायच्या ॲसिडजवळ ते नेऊ नका, विषारी वायू होतो.
४८ तासांची मर्यादा पिवळ्या पिशवीसाठी आहे. शनिवारचा शेवटचा पेशंट रात्री ९ला संपत असेल, तर सोमवारी दुपारची गाडी चालेल, मंगळवारची नाही. गणपतीच्या सुट्ट्यांत गाडीवाल्यांशी वार आधीच ठरवून घ्या. पांढरा डबा तीन चतुर्थांश भरेपर्यंत राहू शकतो.

निर्जंतुक
सुई टोचली तर : हातातलं काम सोडून वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा. पिळून रक्त काढायचं नाही, बोट तोंडात घालायचं नाही, स्पिरिट किंवा हायपोक्लोराइट लावायचं नाही. त्यांनी कातडी आणखी दुखावते. डोळ्यात उडालं तर साध्या पाण्याने किंवा सलाइनने धुवा.
मग लगेच एआरटी केंद्र (एचआयव्हीच्या औषधोपचाराचं केंद्र) असलेलं सरकारी रुग्णालय गाठा. एचआयव्हीसाठीची औषधं पहिल्या २ तासांत सुरू झालेली उत्तम, ७२ तासांनंतर त्यांचा उपयोग नाही. कोर्स २८ दिवसांचा असतो. पेशंटच्या रिपोर्टची वाट बघत बसू नका. जवळचं केंद्र कुठे आहे ते १०९७ या एड्स हेल्पलाइनवर विचारून आजच भिंतीवर लिहून ठेवा. रात्री साडेआठला घोडबंदरच्या वाहतुकीत ते शोधायला वेळ नसतो.
खरी भीती हिपॅटायटिस बीची. लस न घेतलेल्याला सुईतून त्याची लागण होण्याची शक्यता एचआयव्हीपेक्षा कितीतरी जास्त असते. दोन्ही ताईंचे ०, १ आणि ६ महिन्यांचे तिन्ही डोस झालेत का ते तपासा. तिसऱ्या डोसनंतर १-२ महिन्यांनी अँटी-एचबीएस (लस लागू पडली का ते सांगणारी रक्ताची) चाचणी करा, १० एमआययू/मिली किंवा त्याहून जास्त यायला हवं. खर्च दवाखान्याने करायचा.

घोडबंदरदंत
एका ताईंचा तिसरा डोस राहिलाय. आज संध्याकाळी त्यांना तो देऊन घेतो.

कचरावही_नेरूळ
चांगलं. डोस राहून गेला असेल तर पहिल्यापासून सुरू करायला लागत नाही, उरलेला तेवढा घ्यायचा. आणि एक बघा : भुलीच्या ३० मिलीच्या बाटलीच्या रबरी बुचात सुई टोचून ठेवलेली असते का? असेल तर काढा. त्या सुईतून जंतू आत जातात आणि दिवसभरातल्या प्रत्येक पेशंटपर्यंत पोचतात. दर वेळी बूच स्पिरिटने पुसा, वाळू द्या, नवी सुई आणि नवी सिरिंज घ्या. दुसऱ्या डोसलासुद्धा वापरलेली सुई बाटलीत घालायची नाही. उघडल्याची तारीख बाटलीवर लिहा, २८ दिवसांनी उरलेली टाकून द्या.